अध्यक्षांची घूस

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला, घरं संपून मक्याची शेतं लागतात तिथे, २००५ साली आमच्या मराठी मंडळानं हॉलसाठी जागा घेतली. अध्यक्ष पुण्याचे, रिटायर्ड सर्जन. जन्मभर लोकांची पोटं उघडून या गृहस्थांचा समज झाला होता की कशाच्या आत काय आहे ते फक्त त्यांनाच कळतं. भूमिपूजनाला अक्षय्य तृतीया त्यांनीच ठरवली, गुरुजींना नुसतं कळवलं. मी पडले शिरा करणारी बाई. मला मत विचारायची पद्धत नव्हती.

झाडं पाडायला काउंटीची परवानगी हवी, म्हणून पाहणीला तिथल्या एक बाई आल्या. त्यांना चहा द्यायला अध्यक्षांनी मला थर्मास देऊन पाठवलं. जुन्या ओकच्या बुंध्याशी एक रुंद बीळ होतं, पुढे ताज्या मातीचा ढीग. बाईंनी मला लांबच बसवलं आणि दुर्बीण दिली. थोड्या वेळानं एक चपटं, करड्या रंगाचं जनावर बाहेर आलं. नाकावरून पाठीकडे गेलेला पांढरा पट्टा, पुढच्या पायांना ही लांब नखं. मागून पिल्लांची तोंडं डोकावली. बाई कुजबुजल्या, "बॅजर!" मग त्यांनी नियम सांगितला. आत पिल्लं आहेत तोवर बीळ बुजवायचं नाही, धूर करायचा नाही, जवळ खणायचं नाही की झाड पाडायचं नाही. पिल्लं मोठी होऊन आपणहून गेली की खुशाल करा. ओकभोवती त्यांनी नारिंगी फीत बांधली.

माझा जीव त्या पिल्लांत अडकला, खरंच सांगते. आई एकसारखी बाहेर येऊन हुंगून जात होती. हे सगळं आपल्या हॉलपायी चिरडलं गेलं तर?

अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये मीटिंग झाली. त्यांनी बीळ पाहिलंही नव्हतं, पण निदान तयार होतं. "घूस आहे हो! आमच्या पेठेत ढिगानं होत्या. मिरच्यांची धुरी द्या, पळेल!"

"डॉक्टर, घूस नाही, बॅजर आहे. पिल्लं आहेत आत," मी म्हटलं. "आणि कायदा आहे तसा."

"वहिनी, तुम्ही शिऱ्याचं बघा," ते म्हणाले. सगळे हसले. वर एकानं विचारलं की धुरीला ब्याडगी मिरची चालेल की लवंगी लागेल. मास्टर्स, पीएचडी झालेली माणसं ही! धुरीचा दिवस ठरवूनच उठली. मी रात्रभर तळमळले, पण अध्यक्षांशी वैर घ्यायची माझ्या घरात कुणाची छाती नव्हती.

मंडळाचे सेक्रेटरी नागपूरचे, बेलव्ह्यूला ऑफिसच्या कामावर गेल्यामुळे मीटिंग त्यांनी मिस केली होती. परत आल्यावर, धुरीचा दिवस उजाडायच्या आधीच, अध्यक्षांनी त्यांना फोन केला. हे मला सेक्रेटरींनीच मागाहून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "घुशीमुळे सगळं अडलंय. काउंटीच्या त्या बाईंना भेटा आणि घुशीचं एकदाचं मिटवून टाका."

"हौ जी, करून टाकतो," सेक्रेटरी म्हणाले.

आता पुण्यात घूस म्हणजे बिळातला थोराड उंदीर. नागपूरच्या बोलीत हिंदी मिसळलेली, तिथे घूस म्हणजे लाच! सेक्रेटरी बिचारे हळहळले, की अमेरिकेतसुद्धा हेच! मग लग्नात आलेली चांदीची समई आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेले आणि बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, आमच्या परमिटचं तेवढं बघा. बाईंनी समईला हातही न लावता वरिष्ठांना बोलावलं.

झालं! चौकशी लागली, परमिट थांबलं, आणि बॅजरच्या केसाला धक्का लागला तर मंडळाला कोर्टात खेचू, असा दम मिळाला. मिरच्या राहिल्या डब्यात. पुढच्या मीटिंगला अध्यक्ष सेक्रेटरींवर कडाडले, "अहो, घूस म्हणजे उंदीर! उंदीर!"

"आमच्याकडे घूस म्हणजे घूसच असते ना जी!"

मी किचनमध्ये जाऊन पोट दुखेस्तोवर हसले. चौकशीतून सेक्रेटरी तंबीवर सुटले. मी मात्र तो सगळा उन्हाळा फितीबाहेर खुर्ची टाकून बसले. पिल्लं उन्हात लोळायची, आईच्या अंगावर चढायची. ऑगस्टच्या शेवटी बाईंनी बीळ तपासलं. रिकामं होतं.

भूमिपूजन दसऱ्याला झालं. गुरुजींनी एक मंत्र म्हटला आणि अर्थ सांगितला, 'या भूमीवर राहणाऱ्या जिवांनो, आम्हाला क्षमा करा, सुखानं दुसरीकडे जा.' अध्यक्षांनी लगेच माइक घेतला. "बघा! अमेरिकेला आत्ता कायदे सुचताहेत. आपल्या पूर्वजांनी मुक्या जिवांचा विचार तेव्हाच केला होता. आपणही ओकखालच्या त्या पिल्लांना किती जपलं!" टाळ्यांचा कडकडाट. मेल्यांना लाज म्हणून नाही!

पंगत बसली. मी शिरा वाढत अध्यक्षांपाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "डॉक्टर, शिऱ्याचं बघितलं हो मी. पूर्वजांच्या नावानं एक मूद वाढलीय. आता ज्या घुशीनं पिल्लं वाचवली, तिच्या नावानं एक वाढू?"

पलीकडे सेक्रेटरींना जोराचा ठसका लागला. अध्यक्षांनी ताटावर हात आडवा धरला. मी तो बाजूला केला आणि दुसरी मूद वाढली.