बक्कलजवळचा स्क्रू

माझी बायको सुलभा समोरच्याच्या हातात चेनचं घड्याळ दिसलं की आपला हात पुढे करायची. माणसाला वाटायचं शेकहँड करतेय. तो बिचारा हात द्यायचा, आणि ही त्याचं मनगट उचलून आपल्या कानाशी नेऊन हलवायची. डॉक्टर छाती ऐकतो तशी ऐकायची. मग हात सोडून सांगायची, "बक्कलजवळची कडी बघून घ्या. स्क्रू सुटत आलाय." आमच्या लग्नाच्या बोलणीत माझ्या मामाचा हात तिने असाच धरला होता. मामा गावी जाऊन म्हणाला, पोरगी बरी आहे, पण नाडी बघते.

ती गेल्याला वर्ष होत आलं. मी नाहूरला एकटा राहतो. जेवतो, झोपतो, उठतो. का उठतो ते मला माहीत नाही. लोक सांगतात, देवळात जा, नाना-नानी पार्कात जाऊन बसा. बसून आलो. तिथे बसलेल्यांच्या बायका घरी होत्या.

लग्नाआधी ती अंधेरीला घड्याळं जोडायच्या कंपनीत होती. कंपनी बंद पडली, मग घाटकोपरच्या एका दुकानात लागली. तिथे बाहेरदेशची भारी भारी घड्याळं दुरुस्तीला यायची. मागच्या खोलीत टेबलं होती. आतलं मशीन बघायला दुसरी माणसं, हिच्याकडे फक्त चेनी. कडीला कडी स्क्रूने जोडलेली असते, तांदळाच्या कणीएवढा स्क्रू. मशीनवाले तिला चिडवायचे, की आम्ही काळीज दुरुस्त करतो आणि तू बांगड्या भरतेस. ती म्हणायची, "बंद पडलेलं घड्याळ परत चालू होईल. पडलेलं घड्याळ तुमचा बाप आणून देणार?"

तिची पद्धत सांगतो, कारण ती न विचारता सगळ्यांना सांगायची. लोकांना वाटतं स्क्रू ढिला झाला की पिळला, झालं काम. तसा पिळलेला स्क्रू चार दिवस गप्प बसतो आणि परत सुटतो. स्क्रू पुरता बाहेर काढायचा. त्याच्या आट्यांत घाम, साबण, मळ बसलेला असतो, तो स्पिरिटने धुवायचा. कडीचं भोकही धुवायचं, सुकू द्यायचं. मग टाचणीच्या टोकावर निळं औषध घ्यायचं. स्क्रूला धरून ठेवणारं ते औषध, डिंकासारखं. ते आट्यांना लावायचं, डोक्याला नाही. खाचेत नीट बसेल तोच स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, नाहीतर खाच फाटते. पिळता पिळता स्क्रू टेकला की बोटाला कळतं, तिथे थांबायचं. बाहेर आलेलं निळं लगेच पुसायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत घड्याळ घालायचं नाही, गरम पाण्याखाली तर कधीच धरायचं नाही. एवढं केलं तरी ते औषध जन्माला पुरत नाही. अधूनमधून खोलून सगळं पहिल्यापासून करायचं. "जुनं पुसल्याशिवाय नवं धरत नाही," हे ती गिऱ्हाइकाला दोनदा सांगायची. एकदा एकजण स्क्रूला बायकोचं नेलपॉलिश लावून घेऊन आला. हिने डोळ्याला भिंग लावून बघितलं आणि म्हणाली, "रंग छान आहे. हळदीकुंकवाला बोलवा आम्हाला."

घरात तिला काही वाजलेलं चालायचं नाही. पंखा कुरकुरला की स्टूल मांड. कुकरचा दांडा, कपाटाची बिजागरी, माझ्या चष्म्याची काडी, सगळं तिच्या हाताखालून जायचं. लोकांच्या घरी गेलो तरी खुर्चीत बसल्या बसल्या हिची बोटं खाली जाऊन नट चाचपायची. मला लाज वाटायची. मी डोळे वटारले की तिच्या तोंडून मालवणी बाहेर पडायची. "स्क्रू एकदम सुटना नाय ओ. हळूहळू सुटता. सुटताना सांगता पण, आयकूक कान होयो."

एका गणपतीला तर कहर केला. आमचं घडीचं मखर होतं, दरवर्षी उलगडायचं, विसर्जनानंतर मिटून माळ्यावर टाकायचं. ते हलतं म्हणून हिने दुकानातून लाल औषध आणून सगळ्या स्क्रूंना लावलं. निळं सुटतं, लाल सुटत नाही. विसर्जन झालं आणि मखर मिटेना. मी, माझा भाऊ, शेजारी, सगळे घाम गाळून दमलो. भाऊ म्हणाला, "वहिनी, देव निरोप द्यायला आणतात. तू त्याला कायमचा राहायला आणलास काय?" ती हसली नाही. तोंड पाडून म्हणाली, "हलत होतं ना." ते मखर वर्षभर खोलीच्या मधोमध उभं राहिलं आणि आम्ही त्यात चादरी ठेवल्या.

आता माझ्या हातातल्या घड्याळाचं सांगतो. मी घाटकोपरला एका गुजराती शेठची गाडी चालवायचो. शेठकडे परदेशी घड्याळ होतं, जड, नुसतं बघितलं तरी कळायचं की आपल्यातलं नाही. एकदा कांदिवलीला जाताना ते मनगटावरून सुटून सीटखाली गेलं. शेठचा चेहरा पांढरा पडला. हायवेच्या कडेला गाडी लावून मी आडवा होऊन ते शोधून काढलं. बक्कलजवळच्या कडीचा स्क्रू गेला होता. मी म्हटलं, शेठ, माझी बायको हेच काम करते. तेव्हापासून दरवर्षी ते घड्याळ तिच्या हाताखालून गेलं आणि परत कधी पडलं नाही. शेठ तिला म्हणायचे, "सुलभाबेन, घड्याळ माझा हाय, पण हात तर तुमचाच लागते त्याला." शेठ वारले तेव्हा त्यांची सून त्या घड्याळाची डबी घेऊन आमच्या घरी आली. सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणाली.

मी घालायला तयार नव्हतो. ड्रायव्हरच्या हातात शेठचं घड्याळ, लोक म्हणतील चोरलं. सुलभाने माझ्या मनगटाच्या मापाने कड्या कमी केल्या आणि बक्कल लावून टाकलं. म्हणाली, म्हणू देत लोकांना, मी बसवलेली चेन डबीत कुजायला नाही. मग दर दिवाळीला साफसफाई संपली की पाटावर पांढरा रुमाल पसरायची आणि माझ्यासमोर हात पुढे करायची. मला तो सणाचाच भाग वाटायचा. उटणं, फराळ आणि चेन.

दुखणं तिला कधी लागलं कळलंच नाही. जिना चढताना दम लागायचा, ती म्हणायची वय झालं. दंडावर निळे डाग दिसायचे, ती म्हणायची कपाट लागलं असेल. अर्ध्या मुंबईची मनगटं कानाला लावून बसलेली बाई, आपल्या अंगातलं काही तिला ऐकू आलं नाही. रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी केस गेले, त्याचं तिला काही वाटलं नाही. बोटांची टोकं बधिर झाली, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. मला चपातीवरून कळलं. तवा तापलेला, हिने बोट टेकवलं आणि काढलंच नाही. मी हात खेचला तेव्हा माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवाळीला आमच्याकडे साफसफाई झाली नाही. कंदीलही मी लावला नाही. पण तिने पलंगावर पडल्या पडल्या माझं मनगट ओढलं, कानाशी नेलं आणि हत्यारांचा डबा मागितला. मी म्हटलं, बरी झालीस की कर. तिने नुसता हात पुढे धरून ठेवला. मी उशी पाठीला लावली, मांडीवर ताट दिलं, ताटात रुमाल. स्पिरिटची बाटली उघडली आणि त्या वासाने तिला उलटी झाली. मी तोंड पुसलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "स्पिरिट राहू दे."

स्क्रू मीच काढला. निळं तिने लावलं. थेंब मोठा पडला. मग स्क्रूड्रायव्हर धरून पिळायला गेली आणि थांबली. परत पिळला, परत थांबली. "टेकलो काय नाय, कळना नाय ओ," म्हणाली, आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला आईच्या मरणाला रडताना बघितलं होतं, त्यानंतर हेच. मग मी पिळला आणि तिने माझ्या हातावर कान टेकवला. "हळू," म्हणाली. "अजून. बस." मी बघितलं तर निळं स्क्रूच्या डोक्यावर आणि कडीवर पसरलं होतं. मी म्हटलं, सांडलंय गं, पुसतो. ती डोळे मिटून मागे टेकली.

"राहू दे. धरील तेवढं धरील."

राहू दे हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. एका बैठकीत दोनदा आला. मला तेव्हाच कळलं की ही आता राहत नाही. शिमग्याच्या आधी गेली. जाताना माझं मनगट तिच्या हातात होतं, पण ते कानाशी न्यायची ताकद नव्हती.

चेन गणपतीनंतर वाजायला लागली. वाजणारच होती, न धुतलेल्या आट्यांवर ते औषध किती दिवस धरणार? त्यात माझं मनगट वाळलंय, घड्याळ वरखाली सरकतं. मध्यंतरी नलिनी आली होती. दुकानात सुलभाच्या शेजारच्या टेबलावर बसायची ती, सगळं काम हिच्याकडूनच शिकलेली. येताना हत्यारांचा डबा घेऊन आली. "भावोजी, द्या हात," म्हणाली आणि मनगट कानाशी नेलं. मला ते सहन झालं नाही, पण हात काढून घेतला नाही. तिने घड्याळ रुमालावर ठेवलं, भिंग लावलं.

"हे कुणी केलंय? डोक्यावर सगळं निळं फासलंय. रस्त्यावरच्या कुणाकडून बसवून घेतलंत काय?"

मी म्हटलं, तुझ्या ताईने केलंय. शेवटचं.

नलिनीने भिंग काढून ठेवलं. मग हळूच म्हणाली, "नुसता पिळून उपयोग नाही, भावोजी. खोलून पुसावं लागेल. जुनं पुसल्याशिवाय..." पुढचं बोलली नाही. दोघांनीही ते कितीतरी वेळा ऐकलं होतं.

मी घड्याळ उचलून हातात घातलं. ती म्हणाली, असं नका करू, पडेल कुठेतरी, रिक्षात नाहीतर बाजारात. ताईनेच इतकी वर्षं सांभाळलेलं ते. ताई असती तर तुम्हाला फाडून खाल्लं असतं. खरंच होतं ते. सुलभाला विचारलं असतं तर तिने शिव्या देऊन ते निळं स्वतः पुसायला लावलं असतं. असंच घालत राहिलो तर शेठचं घड्याळ जाईल आणि त्या स्क्रूबरोबर तिचा तो निळा डागही जाईल, एवढं मला कळतं. पुसलं तर घड्याळ राहील. पण मग त्यात तिचं काय राहील? मी नलिनीला चहा दिला आणि दारापर्यंत सोडून आलो. ती एक छोटा स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवून गेलीय. तो तिथेच आहे.

घरात आता काही वाजत नाही. पंखा गपगुमान फिरतो, दाराच्या कड्या बोलत नाहीत, कुकरचा दांडा हलत नाही. सगळं तिने आवळून ठेवलंय. सकाळी चहाचा कप घेऊन बसतो तेव्हा कुठून म्हणून आवाज येत नाही. मग मी हात उचलून कानाशी नेतो आणि हलवतो. तो एक स्क्रू वाजतो. कालच्यापेक्षा आज थोडा जास्त वाजला.