सूनबाईने बॅग चालवून बघितली

२००६ साली आम्ही लेकाकडे, चारुदत्ताकडे, जर्मनीत लुडविग्सहाफेनला होतो, तेव्हाची ही गोष्ट. आमची सून विभावरी तिथे रसायनांच्या कंपनीत इंजिनिअर. तिला नवीन काम मिळालेलं: महिन्यातून दोनदा हॅम्बुर्गला जायचं, दोन रात्री राहायचं. घरात चार वर्षांची अन्वी, म्हणून आमच्या चारुदत्ताचा जीव खालीवर.

विमानात सोबत नेता येईल अशी चाकांची बॅग घ्यायला दुकानात गेलो, तर हा पठ्ठ्या सगळ्यात लहान बॅग पुढे करतो! "ही बास. सकाळी जा, रात्री परत ये."

घरून आणलेली पिशवी सुनेने सरळ दुकानाच्या फरशीवर उपडी केली. कपडे, फायली, कारखान्यातले जडशीळ बूट, मेतकुटाचा डबा. विक्रेता धावतच आला, "अहो बाई, असं इथे चालत नाही!"

"बॅग चालते का, तेवढं बघते," ती म्हणाली. लहानीत बूटच मावेनात. तिच्याहून जरा मोठी, पण विमानात चालणारी होती, तिच्यात सगळं बसलं. मग तीच बॅग ओढत सून दाराबाहेर, दगडी रस्त्यावर दोन फेऱ्या! आमच्या बाजारात बैल चालवून बघितल्याशिवाय घेतो का कोणी? मी आपला खुशीत दार धरून उभा.

चारुदत्त पुटपुटला, "अगं, पण अन्वी?"

"अन्वीला बाप आहे. मंगळवारी जाते, गुरुवारी येते. तोवर तू वेण्या घालायला शिक."