बूट काढायची खोली

बाबांचं मी एकदा चारचौघांत हसं केलं. रागाच्या भरात नाही. तीन आठवडे थांबून, दिवस निवडून केलं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आई गेल्यावर बाबा लंडनच्या पिनर उपनगरात आमच्या घराजवळ एका फ्लॅटमध्ये राहत. दर शनिवारी ट्रेनने तासाभरावरच्या एका गावी जात आणि तिथलं एक जुनं घर लोकांना फिरून दाखवत. मध्ययुगात दूरच्या एका ख्रिस्ती मठाने आपल्या मठाधिपतींसाठी बांधलेलं ते गावातलं बिऱ्हाड. कामासाठी आले की ते इथे उतरत. खाली दगडाच्या जाड भिंती, वर ओकच्या लाकडाचा सांगाडा, रस्त्यावर हातभर पुढे आलेला वरचा मजला. मोठ्या दालनाच्या मधोमध उघडी चूल असे, म्हणून छताची लाकडं अजून काजळीने काळी आहेत. सोळाव्या शतकात राजाने देशभरातले मठ बंद केले तेव्हा घर एका कापडवाल्याकडे गेलं, पुढे तिथे खाणावळ झाली, मग धान्याचं गोदाम. शेवटी गावकऱ्यांनी ट्रस्ट काढून ते वाचवलं.

बाबांनी नोकरी केली ती स्लाऊच्या वेअरहाउसमध्ये. तिथे त्यांना कुणी काही विचारत नसे. इथे लोक प्रश्न विचारत आणि उत्तर संपेपर्यंत गप्प उभे राहत. दर शुक्रवारी ते शर्टाला इस्त्री करून ठेवत.

वरच्या मजल्यावर मठाधिपतींच्या झोपायच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. फटीएवढी खिडकी, भिंतीत कोनाडा. ट्रस्टच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘उपयोग अज्ञात’. बाबांना त्यात अज्ञात काही वाटलं नाही. मठाधिपती झोपेतून उठले की आधी देवापुढेच बसणार. हे त्यांचं देवघर. सहा वर्षं बाबा उंबऱ्याबाहेर बूट काढत, कोनाड्याला हात जोडत आणि मगच लोकांना आत बोलावत. हळूहळू लोकही बूट काढू लागले.

मी बिल्डिंग सर्व्हेअर. दुरुस्तीआधीची पाहणी ट्रस्टने मला दिली. अध्यक्षबाई भेटल्याबरोबर म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही त्यांचे चिरंजीव. नशीबवान आहात.” ते मला झोंबलं. लहानपणी हेच बाबा माझी चित्रं पाहुण्यांपुढे धरून त्यातल्या चुका दाखवत आणि पाहुणे हसत.

त्या खोलीतल्या फळ्या उचलल्या तर खाली भिंतीच्या पोटातून दगडी नळ निघाला, थेट मागच्या ओढ्याकडे उतरलेला. कोनाडा दिवा ठेवायला होता. ती खोली म्हणजे संडास होता.

घरी जाऊन मी बाबांना सांगू शकत होतो. नाही सांगितलं. तीन शनिवार मी टेप घेऊन शेजारच्या खोलीत मापं घेत राहिलो आणि मोजे घातलेल्या पायांनी ते आत जाताना बघितले. चौथ्या शनिवारी घर सगळ्या गावासाठी खुलं होतं. खोलीच्या दाराशी दाटी झाली होती. बाबांनी हात जोडले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “सर्व्हेअरना काही सांगायचंय का?”

मी इंग्लिशमध्ये म्हणालो, “मठाधिपती रोज सकाळी इथे बसायचे, हे बाबांचं बरोबर आहे. फक्त प्रार्थनेला नाही.” आणि फळी उचलून टॉर्च मारला.

सगळे हसले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आणि आम्ही बूट काढत होतो. इथे तर ते घालून यायला हवं होतं.” पुन्हा हशा. बाबाही हसले, जरा उशिरा. मग पायरीवर बसून लेस बांधू लागले. एक गाठ त्यांना जमेना. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे त्या भोकावर वाकले होते. माझं होतं. मी गेलो नाही.

घरी येताना गाडीत ते म्हणाले, “तुला कधी कळलं?”

“तीन आठवडे झाले.”

“म्हणजे तीन शनिवार मी हात जोडत होतो आणि तू बघत होतास.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी...”

“खोटं बोलू नकोस. पुढे लेफ्ट घे.”

ते परत तिथे गेले नाहीत. खोलीत लावायच्या फलकाचा मजकूर ट्रस्टने माझ्याकडे तपासायला पाठवला. त्यात शेवटी एक ओळ होती, की आमचे एक वाटाडे या जागेला देवघर मानत आणि त्यांच्यामुळे अनेकांनी इथे आदराने पाऊल ठेवलं. माहितीच्या दृष्टीने गरज नाही, असं लिहून ती ओळ मी खोडली. फलक अजून तसाच आहे.

बाबा दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत. वर्षानुवर्षं याच दारात त्यांनी बूट काढले होते. आता मात्र भिंतीला हात टेकून थांबत आणि माझ्या बायको-मुलांसमोर मला विचारत, “इथे काढायचे ना? विचारलेलं बरं. सर्व्हे तुझा.”

फ्लॅटचा जिना उतरणं जमेनासं होईपर्यंत दर रविवारी त्यांनी विचारलं. दर वेळी मी “हो बाबा” म्हणायचो आणि त्यांचे बूट उचलून रॅकमध्ये ठेवायचो.