मागून हाक

गुडघ्याच्या डॉक्टरकडे सांगलीला जातो, असं मी गावात सांगून ठेवलं होतं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. सातारा जवळ पडलं असतं, पण साताऱ्यात दर दहा पावलांवर ओळखीचं कोणीतरी भेटतं, आणि मनाच्या डॉक्टरच्या जिन्यात भेटलं तर काय सांगायचं? म्हणून एक गुरुवार सोडून एक, कोरेगावातून सांगलीची गाडी पकडायची आणि खिडकीतून ऊस बघत बसायचं. येताना पुन्हा तोच ऊस.

मला भीती होती ती हाकेची. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की त्याचं काही खरं नाही, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळत होतं. कळून काडीचा उपयोग होत नव्हता.

चार वर्षांपूर्वी माझी बायको तिच्या भावाच्या मोटरसायकलवरून मलकापूरला माहेरी निघाली, भावजयीच्या डोहाळजेवणाला. फाटकापर्यंत गेली आणि मला ओटीच्या पिशवीची आठवण झाली. मी अंगणातून हाक मारली. ती परत आली, घरात गेली, मुलीकडून पिशवी घेतली आणि निघाली. मलकापूरच्या अलीकडे उलट्या बाजूनं आलेल्या ट्रकनं त्यांना उडवलं. भाऊ वाचला.

दहाव्याला आई माझ्याजवळ बसली होती. मला दोष द्यावा असं तिच्या मनातही नव्हतं. सहज बोलून गेली, "मागनं हाक मारलीस न्हवं तू तिला?" एवढंच. तोवर मी असल्या गोष्टींना हसायचो. त्या दिवसापासून हसणं बंद झालं.

मग मी घरात कायदे केले. उंबरा ओलांडला की कोणी कोणाशी बोलायचं नाही. मुलीनं मागं वळायचं नाही. दाराला यादी चिकटवली: डबा, पास, मोबाईल, छत्री. तरी साताऱ्याला कॉलेजला निघालेली पोरगी डबा विसरायचीच. ती वाटेतच असायची, पण मी हाक मारायचो नाही. मोटरसायकल काढायचो, तिची एसटी गाठायचो, मागं टाकायचो आणि पुढच्या थांब्यावर डबा घेऊन उभा राहायचो. म्हणजे समोरून देता यायचा. एकदा थांबाच चुकला आणि मी वांग्याची भाजी घेऊन साताऱ्यापर्यंत गेलो. तिच्या मैत्रिणी हसल्या. ती हसली नाही, आणि मला वाटलं बापाची लाज वाटत असेल.

गेल्या हंगामात एक दिवस ती मैत्रिणीशी बोलत रस्त्याच्या कडेनं चालली होती आणि उसाची ट्रॉली मागं येत होती. मी तीस पावलांवर होतो. हाक घशापर्यंत आली आणि तिथंच अडली. मी पळत सुटलो, पाय घसरला, मनगट मोडलं. ट्रॉली आपली आपणच थांबली. प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "ओरडला का नाहीत?" थापा मारायचंही त्राण नव्हतं. खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. औषधाच्या चिठ्ठीमागं त्यांनी सांगलीचा पत्ता लिहून दिला.

सांगलीच्या बाई वयानं माझ्या निम्म्या. मला वाटलं होतं गोळ्या देतील. त्यांनी वही आणायला सांगितली.

"हाकेमुळं अपघात झाला, हे तुम्हाला किती खरं वाटतं? शंभरातलं सांगा."

"पंच्याण्णव," मी म्हणालो.

"लग्नानंतर त्याआधी त्यांना कधी मागून हाक मारली होती?"

मला हसू आलं. जेवढा काळ सुट्टीवर असेन तेवढा काळ रोज. ती विसरभोळीच होती. हसता हसता डोळे भरले आणि त्या दिवशी तेवढंच झालं.

पुढच्या खेपेला मी तयारीनं गेलो. म्हणालो, हाक राहू द्या, पण मी तिला अर्धं मिनिट थांबवलं. ते अर्धं मिनिट आधी निघाली असती तर ट्रकशी गाठ पडली नसती. यावर काय बोलता?

"ते अर्धं मिनिट खरं आहे," त्या म्हणाल्या. "ते मी खोटं म्हणणार नाही. पण ट्रक येतोय, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

मी सांगलीपासून घरापर्यंत त्या प्रश्नाशी भांडत आलो. उत्तर एकच होतं आणि ते मला पटवून घ्यायचं नव्हतं.

मग अभ्यास मिळाला. रोज एकाला मागून हाक मारायची. आधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. नंतर लिहायचं, काय झालं. पहिली हाक दूध घालायला निघालेल्या शेजाऱ्याला. तो थांबला आणि भडकला.

"आवं मेजर, मागनं हाक मारताय व्हय? आता बसून पाणी प्यावं लागंल!"

गावात प्रत्येक फौजीला मेजर म्हणतात. मी हवालदार होतो. मागून हाक आली की परत यायचं, घटकाभर बसायचं, पाणी पिऊन मग निघायचं, हा आमच्याकडचा उतारा. नुसत्या पाण्यावर कोणी जाईना. माझ्या उपचारात चहापत्ती फार संपली.

दोन महिन्यांत कोणाला काही झालं नाही. फक्त त्या शेजाऱ्याची म्हैस आटली आणि त्यानं ते माझ्यावर ढकललं. मी धास्तावून वहीत मोठ्या अक्षरात 'म्हैस' लिहिलं. बाईंनी विचारलं, "विऊन किती महिने झाले होते?" अकरा. एवढ्या महिन्यांनी म्हैस आटतेच. मीच ओळ खोडली. पंच्याण्णवाचे तीस झाले होते. तीसच्या खाली काही केल्या जाईना, आणि मी थकलो होतो.

एक नाव वहीत आलं नव्हतं. मुलीला पुण्यात नोकरी लागली. जायच्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन फाटकापर्यंत गेली. काही विसरली नव्हती. मी अंगणातून तिला हाक मारली.

ती जागच्या जागी थांबली. वळली नाही. बॅग हातातून सुटली.

"आप्पा," ती पाठमोरीच म्हणाली, "आज का वो हाक मारलीसा?"

मी जवळ गेलो तर चेहरा पांढराफटक. पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, पाणी द्या. मी तांब्या आणला. तिनं तो नुसताच हातात धरला.

"आईनं बी मागितलं हुतं," ती म्हणाली. "पिशवी घ्यायला आली तवा. मागनं हाक आली, जरा बसते, पाणी दे म्हणाली. मीच म्हटलं, कायतरीच तुजं, मामा थांबलाय, जा. बसू दिलं न्हाई मी तिला."

चार वर्षं आम्ही दोघं एका घरात राहिलो. मी तिच्यापुढं डबे घेऊन उभा राहिलो, दाराला याद्या लावल्या, मागं वळू नको म्हणून बजावलं. प्रत्येक वेळी मी तिला सांगत होतो की ते खरं आहे. आणि मी सांगलीला जात होतो तो एकटा, स्वतःपुरता. मला माझाच संताप आला.

"ट्रक येतोय, हे तुला माहीत होतं का गं?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

"आणि तुझ्यामुळं झालं, असं किती वाटतं? शंभरातलं सांग."

"शंभर," ती म्हणाली, विचारसुद्धा न करता.

मी पंच्याण्णव म्हणालो होतो. पाच तरी स्वतःसाठी राखले होते. तिनं काहीच ठेवलं नव्हतं.

मी तिच्या हातातून तांब्या घेतला, बाजूला ठेवला आणि पायरीवर तिच्याजवळ बसलो. पुण्याची गाडी गेली. गुरुवारी मी सांगलीची दोन तिकिटं काढली.