घोंगड्याखालची खरेदी

हसणार नसाल तर सांगतो. बघा, आत्ताच हसायला लागलात! असू द्या. चहा समोर आलाय, आणि माझा मूर्खपणा चहाबरोबर बरा जातो.

मी गणिताचा मास्तर. सोलापुरातली निम्मी पोरं त्रैराशिक, व्याज आणि नफा-तोटा माझ्याकडे शिकली. आणि एकतीस-बत्तीस सालच्या सुमाराला याच मास्तरानं एक जागा विकत घेतली, जिची किंमत त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हती! थट्टा नाही करत. सौदा मी केला, हात मी मिळवला, इसार मी दिला. किंमत काय ठरली, ते मात्र माहीत नव्हतं.

झालं असं. आम्ही विणकरांच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. घरमालक यल्लप्पाही विणकरच, माणूस सज्जन, पण भिंतीत खिळा ठोकलेला त्याला खपत नसे. आमच्या मंडळींनी आठ वर्षं घरखर्चातून वाचवून पोस्टात दोनशे रुपये साठवले होते. एके दिवशी तिनं ते पासबुक माझ्यासमोर ठेवलं.

"लहानशी का होईना, जागा बघा. मला एक तरी भिंत अशी हवी, की जिच्यात खिळा ठोकताना कुणाला विचारावं लागणार नाही."

आता सांगा, याला नाही कसं म्हणणार?

मी सल्ला घ्यायला गेलो आमच्या ड्रॉइंग मास्तरांकडे, बापूरावांकडे. पैशाच्या बाबतीत बापूराव म्हणजे शाळेतलं शेवटचं कोर्ट. तपकीर ओढून ते म्हणाले, "मास्तर, जमिनीसारखी ठेव नाही. पण एक पथ्य पाळा. जागा आवडली तरी तिच्याकडे बघायचं नाही. तिचं नावसुद्धा काढायचं नाही! भलत्याच कशाचं तरी कौतुक करत राहायचं. मालक आपणहून भाव उतरवतो."

बापूराव स्वतः सासऱ्यांच्या घरात राहत होते, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

रविवारी सकाळी मी विजापूर रस्त्यानं निघालो. गाव संपल्यावर डाव्या हाताला एक झकास तुकडा दिसला. सपाट, कडेला लिंबाचं झाड, जवळ विहीर. आणि मधोमध तीसेक मेंढरं घेऊन एक म्हातारा ऐसपैस बसलेला. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं. दुसऱ्याच्या जागेत इतकं निवांत कोण बसेल? मालकच हा! नाव त्याचं बिराप्पा.

मला बापूरावांचं पथ्य आठवलं. जागेकडे पाठ केली आणि मेंढरांकडे बघून म्हणालो, "वा! काय सुरेख मेंढरं आहेत हो!"

"व्हय की! सांगोल्याकडची हायती. लई काटक."

"लोकर काय, डोळे काय! अशी मेंढरं मी जन्मात पाहिली नाहीत." हे मात्र खरं होतं. मी मेंढराकडे जन्मात कधी निरखून पाहिलंच नव्हतं.

बिराप्पा खुलला, मी कोण, कुठं राहतो तेही त्यानं विचारून घेतलं. मी आणखी दहा मिनिटं एका एडक्याच्या शिंगांची तारीफ केली. मग हळूच, आकाशाकडे बघत, म्हणालो, "मग काय? द्यायचा विचार आहे का?"

"गिऱ्हाईक चांगलं आसलं तर दिऊ की. लेकीचं लगीन काढलंया."

मी मनात बापूरावांना नमस्कार केला. जागेचं नावही न काढता मालक विकायला तयार! एवढ्यात बिराप्पानं घोंगड्याचं टोक पुढं केलं आणि म्हणाला, "घाला हात."

बाजारात ही माणसं कापडाखाली बोटं धरून भाव करतात, हे मी ऐकून होतो. बोटांची ती भाषा मात्र मला येत नव्हती. पण गणिताच्या मास्तरानं 'मला आकडे कळत नाहीत' असं कबूल कसं करायचं? घातला हात!

आत काय चाललंय मला काही कळेना. त्यानं माझी चार बोटं दाबली. मी गंभीर चेहरा केला. मग पंजा धरला, मग तळव्यावर काहीतरी खाजवलं. आता मला लहानपणापासून गुदगुल्या फार होतात. मी हात मागं ओढला.

"आरं तिच्या!" बिराप्पा म्हणाला. "येवढं कमी? बरं, आनी एकदा घाला."

पुन्हा हात, पुन्हा गुदगुल्या, पुन्हा मी मागं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं दोन बोटं धरली, मी दात आवळून धीर धरला, आणि त्यानं माझा हात गदागदा हलवला.

"ठरलं! मास्तर, लई कडक गिऱ्हाईक हाय तुमी."

मी पाच रुपये इसार दिला. "तीन दिसांनी घरला येतो," तो म्हणाला. मी समजलो, कागदपत्रं घेऊन येतोय.

परत येताना पाय जमिनीला लागत नव्हते. विणकरांच्या गल्लीत शिरल्यावर मात्र टेकले. किंमत काय ठरली? शंभर? हजार?

घरी पाऊल ठेवताच हिनं विचारलं, "केवढ्याला?"

मी नुसता हसलो. दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी शाळेतही तेच. "मास्तर, आकडा तरी सांगा!" मी हसलो. बापूराव सर्वांना म्हणाले, "बघा! व्यवहार पचवणारा माणूस असा असतो." दुपारपर्यंत माझी अशी कीर्ती झाली, की साक्षात हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, चार पैसे मिलच्या शेअरात घालू की सोन्यात? मी डोळे मिटून म्हणालो, "साहेब, आधी घाईचा त्याग करा." ते दोनदा मान डोलावून गेले. इकडे माझ्याच सौद्याचा आकडा मला ठाऊक नव्हता!

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला. विणकरांनी नेहमीप्रमाणे गल्लीभर मागाच्या उभ्या सुताचा ताणा पसरला होता, त्याला भाताच्या पेजेची खळ नुकतीच लावली होती. आणि त्या खळीवर तीस मेंढरं पंगत मांडून ताणा चाटत होती. यल्लप्पा तेलुगूत जे ओरडत होता, त्याचा अर्थ न विचारताच कळत होता.

मेंढरांच्या मागं बिराप्पा. "मास्तर! आनलीत बगा तुमची मेंढरं. मोजून घ्या."

"माझी? अहो, मी जागा घेतली! लिंबाच्या झाडाची!"

"कसली जागा?" तो चक्रावला. "ती तर पेठंतल्या शेटची हाय. रानाला खत म्हनून त्यानं मेंढरं बसवली. तुमी जागंचं एक आक्षर तरी काडलं का?"

नव्हतं काढलं. तेच तर माझं कौशल्य होतं!

मी विचारलं, "किंमत... किती ठरली होती?"

"एकशेसाट की! तुमीच हिसके दिऊन दिऊन खाली आनली. मास्तर, मोडू नगा सौदा. त्याच पैशावर लेकीचं लगीन धरलंया."

दारात ही उभी. हातात पासबुक. तिच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू येत होतं. आठ वर्षं त्या बाईनं स्वतःला एक धड लुगडं घेतलं नव्हतं.

तिनं बोटानं मेंढरं मोजली. मग पदर खोचून पुढं आली.

"बाबा, शब्द दिलाय, पैसे मिळतील. पण मेंढरं तुम्हीच सांभाळायची. कोकरं आणि लोकर निम्मी तुमची, निम्मी आमची. कबूल?"

"कबूल, बाई!" बिराप्पाचे डोळे भरून आले.

यल्लप्पाच्या ताण्याची भरपाई माझ्या पगारातून गेली, ते सोडा. पण मेंढरं खरंच काटक निघाली हो! वर्षाला कोकरं, वर्षातून दोनदा लोकर. सगळा व्यवहार हिनं बघितला, मला भावसुद्धा विचारला नाही. चार वर्षांनी हिनं तीच लिंबाच्या झाडाची जागा घेतली. तोंडानं, मोठ्यानं, "ही जागा हवी" असं म्हणून घेतली.

रजिस्ट्रार कचेरीत खरेदीखत हिच्या नावावर झालं. साक्षीदाराच्या रकान्यात माझी सही. सही झाली आणि जागेचा मूळ मालक आनंदानं माझ्याशी हात मिळवायला पुढं झाला.

ही मध्ये पडली. म्हणाली, "शेटजी, लांबूनच नमस्कार करा. यांचा हात धरलात, तर हे आणखी काहीतरी विकत घेतील!"