धोतरावरचं हृदय

धोतरसरांकडे कायम दोन धोतरं असत, एक नेसलेलं आणि एक पिशवीत. पिशवीतलं दर शनिवारी सातवीच्या भिंतीवर चढे आणि त्यावर विज्ञानाची फिल्म दिसे. "एक मी नेसतो, एक विज्ञान नेसतं," असं ते कुणालाही सांगत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. चिंचवडच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकतीच लागले होते, आणि पहिल्याच शनिवारी त्यांनी मला धोतराची टोकं खिळ्यांना बांधायला स्टुलावर चढवलं.

प्रोजेक्टर शाळेचा नव्हता. जवळच्या कंपनीनं तो आपल्या कामगारांच्या प्रशिक्षणासाठी घेतला होता. एका पालकाच्या वशिल्यानं सर तो सायकलला बांधून, सायकल हातात धरून, घाम पुसत आणत. फिल्म इंग्रजीत असे, म्हणून ते आवाजाचं बटणच बंद करत. "साहेबाला गप्प केलं की पोरांना ऐकू येतं!" आणि मग त्यांचं स्वतःचं सुरू होई. काळेवाडीहून येणाऱ्या बहुतेक पोरांचे वडील कारखान्यात, त्यामुळे सर म्हणत, "हे हृदय. तिन्ही शिफ्टला हजर. सुट्टी नाही, संप नाही, ओव्हरटाइम मागत नाही. हे घरी सांगू नका, बाप मला मारायला येतील."

एकदा बांधताना धोतर खिळ्याला अडकून टरकन फाटलं. सरांच्या पत्नीनं त्याला जाड कापडाचं चौकोनी ठिगळ लावून दिलं. ते नेमकं हृदयाच्या खाली डाव्या बाजूला येई. धोतर टांगलं जाई खिडक्या लावल्यावर, त्यामुळे पोरांनी ते उजेडात कधी पाहिलंच नव्हतं. सुमन नावाच्या चुणचुणीत मुलीनं अंधारात विचारलं, "सर, खाली ते चौकोनी काय हाय?" सर रंगात आले होते. "ते ठिगळ," एवढं बोलून ते पुढच्या झडपेकडे वळले.

हेडसरांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटे. त्यातच शाळा समितीवरचे गावातले एक अण्णा ऑफिसात येऊन बसले. "साळंत पोरास्नी धोतरावर शिनेमा दावत्यात, व्हय?" हेडसरांनी धोतरसरांना बोलावून ठणकावलं, "तपासणीला साहेब येताहेत. त्यांनी नाक मुरडलं तर ते यंत्र कायमचं कंपनीत परत."

त्या दिवशी सर डबा न उघडता बसून राहिले. मला म्हणाले, "बाई, पुस्तकातलं हृदय हलत नाही हो. हलणारं बघितलं की पोरं आपसूक स्वतःच्या छातीवर हात ठेवतात. तेवढं जाऊ नये बघा." एरवी सतत टवाळी करणारा माणूस असा बोलला म्हणून मला फार वाईट वाटलं.

तपासणीचे साहेब नेमके शनिवारी आले. त्यांनी सुमनला हृदयाची आकृती काढायला लावली. पोरीनं फळ्यावर झकास हृदय काढलं. चार कप्पे, झडपा, बाण, सगळं जागच्या जागी. साहेबांनी मान डोलावली. हेडसरही खुलले. तेवढ्यात तिनं खाली डावीकडे एक चौकोन काढून तो नीट रंगवला.

"हा पाचवा कप्पा कुठला?" साहेबांनी विचारलं.

"कप्पा न्हाई साहेब, ठिगळ हाय."

"ठिगळ?"

"हृदयाला असतंय की!" ती त्यांच्याकडे कीव आल्यासारखी बघू लागली. साहेबांनी वर्गाला विचारलं, तर झाडून सगळे हात वर. हेडसरांनी डोळे मिटून घेतले. मी पदर तोंडात कोंबला.

धोतरसर उठले. "साहेब, चूक पोरांची नाही, माझ्या धोतराची आहे." त्यांनी खिडक्या लावल्या, धोतर टांगलं आणि फिल्म सुरू केली. साहेब पोरांच्यात बाकावर बसले. थोड्या वेळानं पाहते तर त्यांचाही हात छातीवर होता. दिवे लागल्यावर ते हेडसरांना म्हणाले, "मशीन राहू द्या. धोतर बदला."

धोतर काही बदललं नाही. सर निवृत्त झाले तेव्हा कुठे शाळेनं खरा पांढरा पडदा आणला. निरोपाच्या दिवशी त्यावर हृदय दाखवलं, तर पोरांनी गलका केला, "सर, ठिगळ कुठाय?"

सर मिशीत हसले. "अजून नवं आहे रे. वापरा, पडेल." मग धोतराची घडी पिशवीत घालून ते चाकणपलीकडच्या आपल्या गावी गेले.

दोनेक वर्षांनी सर गेल्याचं कळलं. शनिवारच होता. विज्ञानाचे नवे सर रजेवर होते, म्हणून सातवीवर मला पाठवलं. शिकवायला काही सुचेना. खडू घेऊन मी हृदय काढलं, जमेल तसे चार कप्पे, आणि खाली डावीकडे एक चौकोन.

"बाई, हा पाचवा कप्पा कुठला?" एका पोरानं विचारलं.

"धोतरसरांचा," मी म्हटलं.