रांगेबाहेरच्या दोन बाटल्या

साहेबांनी माझ्या दोन बाटल्या उचलल्या. अंगठा आणि एक बोट, बस. मेलेलं झुरळ उचलावं तशा. ओट्यावरच्या रांगेतून काढल्या आणि खाली, गटाराच्या कडेला ठेवून दिल्या.

"यांच्या बाटल्या वेगळ्या ठेवत जा," ते म्हणाले. मला नाही. दूधकेंद्राच्या खिडकीत बसणाऱ्या सुमनला. "आमच्याकडे देवाला दूध लागतं. यांच्या घरात काय काय शिजतं, कसले कसले हात लागतात..."

वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती. मागे कुणीतरी हसलं.

मी म्हणाले, "सॉरी."

हो, मीच म्हणाले. इंग्रजीतून. मुलांनो, तुमची नानी इंग्रजी शाळेत शिकली आणि पुढे इंग्रजीच शिकवत राहिली. कुणाला धक्का लागला की सॉरी म्हणायचं, हे मला इतकं पक्कं शिकवलं होतं की धक्का मला बसला तेव्हाही तोच शब्द तोंडातून निघाला.

हे मी तुम्हाला इंग्रजीत लिहू शकले असते. तुम्ही भरभर वाचलं असतं. पण ते सगळं मराठीत घडलं. अपमान मराठीत झाला, गप्प राहणंही मराठीतच झालं. आणि मराठी माझी भाषा आहे, साहेबांच्या इतकीच. तुम्हाला अडलं तर शमा, तुमची आई, वाचून दाखवेल. ती तिथं होती. सात वर्षांची होती. माझा पदर धरून उभी होती.

वाशीची गोष्ट आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तेव्हा इथं रेल्वे नव्हती. खाडी, चिखल, मिठागरं आणि मधेच उभ्या केलेल्या नव्या इमारती. मुंबईत आम्ही दोन वर्षं घर शोधलं होतं. घरमालक आधी हसून बोलायचे, तुमच्या नानांचं पूर्ण नाव ऐकलं की त्यांच्या गावाहून अचानक कुणीतरी पाहुणा राहायला येणार असायचा. वाशीत सरकारी सोडतीत नंबर लागला. चिठ्ठीला नाव विचारायचं कळत नाही, म्हणून घर मिळालं. नाना त्या रात्री रडले होते. आनंदाने.

आता बाटल्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

दूध तेव्हा काचेच्या बाटलीत यायचं. रिकामी बाटली परत द्यायची, भरलेली घ्यायची. पहाटे गाडी यायच्या आधी सगळे आपापल्या रिकाम्या बाटल्या केंद्राच्या ओट्यावर एकापुढे एक लावून ठेवायचे. माणसाने उभं राहायची गरज नाही. बाटली म्हणजेच माणूस. कुणी बाकावर बसायचं, कुणी फेऱ्या मारायचं. गाडी आली की बाटल्यांच्या क्रमाने सुमन हाक मारायची, कार्डावर खूण करायची, दूध द्यायची. कुणी कुणाची बाटली हलवत नसे. मला हे फार आवडायचं. मी शिस्तीची बाई. एवढ्या चिखलात एक तरी गोष्ट सरळ रेषेत होती.

ती रेषा साहेबांनी मोडली आणि तिथं बारा-तेरा माणसं होती.

साहेब म्हणजे निवृत्त अधिकारी. नाव लिहीत नाही. त्यांचीही नातवंडं आता तुमच्यासारखी कुठेतरी लांब असतील. वाईट माणूस होते असंही नाही. शमा तापाने फणफणली होती तेव्हा त्यांनीच डॉक्टर आणून दिला होता. माणूस असा एका बाजूने बनलेला नसतो, हे माहीत असूनही दमायला होतं.

पण मला आजही आठवतात ते साहेब नाहीत. आठवतात ते बाकीचे. एकाने घड्याळ पाहिलं. एक जण स्वतःचं दुधाचं कार्ड वाचायला लागला. कार्डावर वाचण्यासारखं काही नसतं. दोघी जणी कालच्या पाण्याबद्दल बोलायला लागल्या, मोठ्याने. आणि मालतीताई. माझ्या शेजारच्या दारातल्या. रोज संध्याकाळी माझ्याकडून विरजण नेणाऱ्या. "तुमच्या हातचं दही कसं सुरीने कापावं असं लागतं हो," म्हणणाऱ्या. त्यांनी पदर सारखा केला आणि आकाशाकडे पाहिलं. जणू तिथं काहीतरी उगवत होतं.

मला सर्वांत शेवटी दूध मिळालं. घरी येताना शमा म्हणाली, "अम्मी, तू सॉरी का म्हणालीस? बाटली तर त्यांनी हलवली."

मी म्हणाले, "दूध सांडेल. नीट धर."

मग दिवसभर लोक येत राहिले.

पहिल्या मालतीताई. हातात पोह्यांची बशी, वर ओलं खोबरं. "मनावर घेऊ नका हो. म्हातारा माणूस. आम्ही कुणी तसं मानत नाही, तुम्हाला माहितीये ना?" वरच्या मजल्यावरचे भाऊ जिन्यात भेटले. आवाज खाली करून म्हणाले, "वहिनी, मला बोलायचं होतं. पण म्हटलं, उगाच वातावरण बिघडेल." दुपारी सुमन आली, खाडीकाठच्या गावची पोर, नोकरी नवी. दारातच उभी राहिली. "टीचर, मी काय बोलनार? ते मोठे लोक. माझी नोकरी हाय." अजून दोघं-तिघं आले. सगळे खरंच वाईट वाटून आलेले. प्रत्येकाला मी बसवलं, चहा केला. प्रत्येकाला म्हणाले, "नाही हो, मी काही मनाला लावून घेतलं नाही."

अपमान माझा झाला होता आणि समजूत मी त्यांची घालत होते.

संध्याकाळी लक्षात आलं, शमाला प्यायला दूध उरलं नव्हतं. त्या दोन बाटल्यांतलं सगळं दूध यांच्या चहात गेलं होतं. मालतीताईंनी दोन कप घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाटल्या ओट्यावर ठेवल्या नाहीत. गटाराच्या कडेला ठेवल्या. त्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात ती पद्धत झाली. सुमन सगळ्यांचं झालं की माझ्याकडे न बघता हात पुढे करायची.

नाना म्हणाले, "जाऊ दे ना. दूध मिळतंय ना? इथं घर मिळालंय हेच खूप आहे. परत ते मुंबईतलं सुरू नको." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. दोन वर्षं दारं बंद होताना त्यांनीही पाहिली होती. पण मी काय केलं माहीत आहे? मी बाटल्या जास्त घासायला लागले. सोडा आणि गरम पाणी. एकदा, मग पुन्हा एकदा. उजेडात धरून बघायचे. आपण स्वच्छ आहोत हे मी काचेला पटवून देत होते.

एका सकाळी तशीच घासत असताना मला ती बाई आठवली.

आमच्या इमारती झाडणारी बाई. आम्ही राहायला आलो त्या वर्षी तीही रोज बाटली घेऊन यायची. एकच बाटली. एकदा साहेबांनी तिची बाटली अशीच उचलली होती आणि खाली ठेवली होती. तिथंच. गटाराच्या कडेला. "तू झाडून आलीस ना? मग हे वर कशाला?" असं काहीसं म्हणाले होते. ती भरलेली बाटली घेऊन गेली. काही दिवस खाली ठेवत राहिली, मग यायची बंद झाली.

आणि मी तिथं होते. तिच्या मागेच माझ्या बाटल्या होत्या. ती गेल्यावर माझा नंबर एकने पुढे सरकला, हे मला तेव्हा जाणवलंही होतं. मीही पदर सारखा केला होता. मालतीताईंसारखाच. मी तर तिच्याकडे वाईट वाटलं म्हणून सांगायलाही गेले नाही. तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं.

म्हणजे ती जागा माझ्यासाठी तयार केलेली नव्हती. ती आधीपासून होती. माझ्यासारख्यांनी गप्प राहून ती राखून ठेवली होती.

तरीही मी आणखी काही आठवडे खालीच बाटल्या ठेवल्या. कळणं आणि करणं यांत माझे बरेच दिवस गेले. तुम्हाला मी शूर वाटू नये म्हणून हे सांगते.

मग शमाच्या शाळेला सुट्टी लागली आणि ती पुन्हा माझ्याबरोबर यायला लागली. त्या दिवशी तिने माझ्या हातातून पिशवी घेतली, पुढे पळाली. मी पोचले तर बाटल्या गटाराच्या कडेला, व्यवस्थित, एकीला एक लावून ठेवलेल्या. "अम्मी, मी लावल्या. साहेबांच्याही आधी पोचले. आपली जागा इथंच ना?"

रडून नाही विचारलं. चिडून नाही. शाळेत आपला बाक कोणता हे सांगावं तसं. आनंदाने.

मी वाकले. बाटल्या उचलल्या. ओट्यावर मालतीताईंच्या बाटलीमागे ठेवल्या. त्यामागे साहेबांच्या होत्या, त्या थोड्या सरकवाव्या लागल्या.

"टीचर," साहेब बाकावरून उठले, "तुमचं तिकडे असतं."

"माझा नंबर सातवा," मी म्हणाले. "मालतीताईंच्या मागे, तुमच्या पुढे. आम्ही तुमच्या आधी आलो."

"मी काय बोललो होतो, विसरलात वाटतं?"

"नाही विसरले. साहेब, या बाटल्या माझ्या नाहीत. कालच इथून नेल्या. त्याआधी कुणाच्या घरी होत्या सुमनलाही ठाऊक नाही. तुमच्या देवाला काल ज्या बाटलीतलं दूध गेलं, ती गेल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात असेल. रोज असंच चाललंय. देवाने अजून तक्रार केलेली नाही."

कुणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतंच. मी वळले.

"तुम्ही सगळे माझ्या घरी आलात. सगळ्यांनी सांगितलं, आम्ही तसं मानत नाही. ते इथं सांगा. एकदाच. माझी मुलगी ऐकतेय."

घड्याळ पाहणाऱ्याने घड्याळ पाहिलं.

"मालतीताई?"

"अहो," त्या कुजबुजल्या, "इथं कशाला? घरी बोलू ना आपण."

"मग मी बोलते. आपल्या इमारती झाडणाऱ्या बाईची बाटली इथून खाली ठेवली तेव्हा मी तिच्या मागे उभी होते. मी काही बोलले नाही. ते चुकलं. तिच्या घरी जाऊन सांगायची ही गोष्ट नाही. इथं घडलं, म्हणून इथं सांगतेय."

दुधाची गाडी आली. क्रेट उतरले, काचा वाजल्या. साहेबांनी आपल्या बाटल्या उचलल्या आणि दुसऱ्या सेक्टरच्या केंद्राकडे चालू लागले. तिथल्या बाटल्यांनाही इतिहास असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सुमन हाका मारत होती. पाच. सहा. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"सात," ती म्हणाली. "टीचर, कार्ड द्या."

तेवढंच. त्या दिवशी मला मिळालं ते एवढंच.

पुढे सगळं नीट झालं असं समजू नका. त्या दिवसापासून बोलणं बदललं, ते माझ्याबद्दल बदललं. आधी किती साधी होती, आता बघा. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं बोलतात का? चारचौघांत, हा शब्द माझ्या वाट्याला आला. साहेबांच्या वाट्याला कधी आला नव्हता. नाना आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. भीती होती ती, राग नव्हता. झाडणाऱ्या बाईला मी शोधलं. ती दुसरीकडे कामाला गेली होती, कुठे ते कुणाला सांगता आलं नाही. ते तसंच राहिलं आहे.

मालतीताई दोन महिन्यांनी आल्या, रिकामी वाटी घेऊन. विरजण हवं होतं. डोळ्यांत पाणी. "तेव्हाचं मनात ठेवू नका हो," म्हणाल्या.

मी वाटीत विरजण घातलं. "बसा, चहा टाकते. कितीही वेळा या. पण त्या सकाळचं बोलायचं असेल तर उद्या सकाळी. ओट्यापाशी."

त्या पुढची कितीतरी वर्षं रोज ओट्यापाशी आल्या. काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या तरी आल्या. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, सुनेबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. ते एक वाक्य बोलल्या नाहीत. मी त्यांना शेवटपर्यंत विरजण दिलं. माफी दिली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा मला थकवा आहे.

शमाने फोनवर सांगितलं, तिकडे तुमच्या शाळेत कुणीतरी तुमच्या नावावरून काही बोललं, आणि नंतर तुमचे मित्र एकेकटे येऊन वाईट वाटलं म्हणाले. म्हणून हे लिहायला बसले.

ते मित्र चांगले असतील. त्यांच्याबरोबर खेळा, त्यांना घरी बोलवा, खाऊ घाला. पण त्यांची समजूत घालू नका. जे वर्गात बोललं गेलं त्याचं उत्तर वर्गातच द्यायला सांगा. ते देणार नाहीत कदाचित. तुम्ही मागत राहा. आणि ज्या दिवशी दुसऱ्या कुणाची बाटली खाली ठेवली जाईल, त्या दिवशी तुम्ही तिथं असाल. तेव्हा आकाशाकडे बघू नका.

मी आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. सॉरी मी आजही म्हणते, माझी चूक असते तेव्हा. त्या दिवसानंतर दुसऱ्या कुणाच्या चुकीसाठी म्हणाले नाही. म्हणणारही नाही.